खात्यातले महिने आणि बागेतले महिने

निफाड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्या २४ वर्षांच्या आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून त्यांनी बी.एस्सी. ॲग्री केले आणि त्यानंतर दोन वर्षे द्राक्ष निर्यातीच्या एका पॅकहाउसमध्ये काम केले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या एका सरकारी कॉलेजात अन्नसुरक्षा व गुणवत्ता या विषयाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्यांना प्रवेश मिळाला असून पहिल्या वर्षाची फी १७,५०० कॅनेडियन डॉलर आहे. आता त्यांना स्टडी परमिटसाठी, म्हणजे तिथे शिकण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करायचा आहे. वडिलांची सहा एकर द्राक्षबाग आहे. त्यांनी आयुष्यात कधी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरलेले नाही. मामांच्या फ्लॅटच्या तारणावर राष्ट्रीयीकृत बँकेने २० लाखांचे शैक्षणिक कर्ज मंजूर केले आहे, वडिलांच्या खात्यात साडेतीन लाख आहेत, पतसंस्थेत चार लाखांची ठेव आहे आणि मामा आणखी पाच लाख देणार आहेत. एजंटचे म्हणणे असे की शेतीचे कागद तिकडे कोणी पाहत नाही. तो महिनाभरासाठी खात्यात ३० लाख ‘दाखवायला’ ठेवणार आहे आणि तीन वर्षांचे आयटीआरही ‘तयार करून’ देणार आहे. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट त्याच्याच ताब्यात आहेत. ‘शिकून परत येणार, असे लिही,’ असे तो सांगतो, पण तिकडे काही वर्षे काम करण्याची इच्छा असताना तसे लिहिणे खोटे ठरेल का, असाही या भगिनींचा प्रश्न आहे.

सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर मी सगळ्यात आधी कागदावर बेरीज मांडली, कारण एजंटने तुमच्या मनात घातलेली भीती ‘आपल्याकडे पैसे कमी आहेत’ या एका समजुतीवर उभी आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी, क्यूबेक वगळता इतर प्रांतांत एकट्या विद्यार्थ्याला वर्षभराच्या राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. त्यात पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा मिळवायचा असतो. तुमच्या बाबतीत फीसह हा आकडा ४०,३९५ डॉलर होतो. डॉलरचा दर ६२ ते ६५ रुपये धरला तर साधारण २५ ते २६ लाख रुपये लागतील, आणि प्रवासाचे लाख-दीड लाख वर. तुम्ही लिहिलेल्या रकमांची बेरीज साडेबत्तीस लाख होते. म्हणजे पैसे पुरेसे आहेत आणि ते खरे आहेत. कमतरता आहे ती एवढीच, की ते कुठून आले हे नीट सांगणारा कागद अजून कोणी तयार केलेला नाही.

एजंटच्या मार्गाचा धोका मी स्पष्ट शब्दांत लिहिते. एखाद्या दिवशी खात्यात ३० लाख जमा होतात आणि महिन्याभराने तेवढेच बाहेर जातात, ही नोंद खाते उताऱ्यावर तारखेनिशी छापून येते. तुमचा अर्ज तपासणारी व्यक्ती दिवसभर असेच उतारे वाचत असते, त्यामुळे तिला ती शोधावी लागत नाही. बनवलेला आयटीआर त्याहून गंभीर आहे. कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या कलम ४० नुसार खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे सिद्ध झाले, तर पाच वर्षे त्या देशाची दारे बंद होतात, आणि ‘कागद एजंटने जोडला, मला ठाऊक नव्हते’ हा बचाव सहसा चालत नाही, कारण अर्ज तुमचा असतो आणि त्यातील मजकुराची जबाबदारीही तुमचीच असते. २०२३ साली पंजाबातील अनेक विद्यार्थ्यांवर हीच वेळ आली होती. त्यांची ऑफर लेटरे बनावट होती आणि हे कित्येकांना कॅनडात जाऊन शिक्षण आटोपल्यावर कळले. त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून प्रत्येक ऑफर लेटर संबंधित कॉलेजकडून पडताळून घेण्याची पद्धत सुरू झाली.

तुमच्या एजंटची माहितीही जुनी दिसते. ‘एसडीएसमधून वीस दिवसांत काम होते,’ असे तो म्हणाल्याचे तुम्ही लिहिले आहे. ती स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली आणि आता सर्वांचे अर्ज एकाच मार्गाने जातात. त्या योजनेत सक्तीची असलेली जीआयसी, म्हणजे कॅनडातील बँकेत स्वतःच्या नावे ठेवायची आणि तिथे पोचल्यावर हप्त्याहप्त्याने परत मिळणारी ठेव, आता सक्तीची राहिलेली नाही, मात्र पुरावा म्हणून ती आजही स्वीकारली जाते. तुमच्यासारख्या शेतकरी कुटुंबाने ती करावी असे माझे मत आहे. पतसंस्थेची ठेव म्हणजे काय हे परक्या अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागते, कॅनेडियन बँकेतील ठेव समजावून सांगावी लागत नाही. परवाना नाकारला गेला तर ठरलेले कागद देऊन ही रक्कम परत मागता येते.

आता मुख्य विषय. अर्जासोबत मागील चार महिन्यांचे खाते उतारे मागितले जातात. पगारदार घरात चार महिन्यांत चार पगार दिसतात आणि घराचे चित्र पूर्ण होते. द्राक्षबागायतदाराच्या घरात मात्र ऑक्टोबरपासून पैसा बाहेर जात असतो. छाटणी, औषधे, मजुरी यांत खाते रिकामे होत जाते आणि जानेवारी ते एप्रिलमध्ये माल निघाला की वर्षाची कमाई एकदम येते. तुम्ही नोव्हेंबरात अर्ज केलात आणि फक्त चार महिन्यांचा उतारा जोडलात, तर वडील कर्जात बुडत चालले आहेत असाच अर्थ त्यातून निघेल. म्हणून चार महिने ही किमान अट समजा आणि निदान दोन हंगाम दिसतील इतका, म्हणजे दोन वर्षांचा उतारा जोडा. त्यात निर्यातदाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून आलेल्या मोठ्या जमा रकमांवर खूण करा आणि प्रत्येक रकमेसमोर तिची हिशोबपट्टी किंवा बिल ठेवा. तुमची बाग अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या द्राक्षबागांच्या नोंदणीत असेल तर तो नोंदणीचा कागद आवर्जून जोडा, कारण ही बाग खरोखर अस्तित्वात आहे, तिचा माल परदेशी जातो आणि औषधांच्या उर्वरित अंशांच्या तपासणीतून जातो, हे सरकारी यंत्रणेच्या नोंदीतून सांगणारा तो कागद आहे आणि बहुतेक एजंटांना त्याचे नावही ठाऊक नसते.

वडिलांचे विवरणपत्र नाही, याची लाज बाळगण्याचे कारण नाही. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे आणि दुसरे करपात्र उत्पन्न नसलेला शेतकरी विवरणपत्र भरत नाही, ही वस्तुस्थिती आहे. ती कॅनडात बसलेल्या अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे गृहीत धरू नका. एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटकडून, त्याने स्वतः पाहिलेल्या बिलांच्या आणि खाते उताऱ्यांच्या आधारे, वडिलांच्या मागील तीन वर्षांच्या शेती उत्पन्नाचे पत्र घ्या. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला काढला असेल तर त्यावरील आकडा आणि या पत्रातील आकडा एकमेकांशी जुळतात का, ते आधी पाहा. आपल्याकडे फी सवलतीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावर उत्पन्न फार कमी लिहिलेले असते, आणि तोच दाखला अशा अर्जाला जोडला तर पुढचा सगळा हिशोब कोसळतो. तसा दाखला असेल, तर तो का आणि कशासाठी काढला होता याचे खरे उत्तर स्वतःजवळ तयार ठेवा.

सातबारा आणि आठ-अ यांच्याविषयी तुम्ही दोन ओळींत विचारले आहे, पण हा विषय थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. जमीन ही रोख रक्कम नव्हे, त्यामुळे सातबाऱ्याने राहण्याचा खर्च सिद्ध होत नाही. त्याचे काम वेगळे आहे. खात्यात आलेला पैसा ज्या मातीतून आला ती माती तो दाखवतो, आणि तुमचे घर, उपजीविका, आई-वडील इथे आहेत हेही सांगतो. डिजिटल स्वाक्षरीचा उताराच घ्या. त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेताना मात्र शेजारी बसा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, त्यात पोटखराबा वेगळा असतो, आणि तुमच्या काकांची नावे त्याच गटावर असतील तर सामाईक क्षेत्रातला वडिलांचा हिस्सा किती, हे भाषांतरावरून कळत नाही. ते तुम्हाला अर्जासोबतच्या तुमच्या पत्रात लिहावे लागेल. शिवाय इतर हक्काच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा असणारच. भाषांतरात तो ‘जमिनीवर कर्ज आहे’ एवढाच उतरतो आणि वाचणाऱ्याला वाटते की जमीन हातची चालली आहे. हे दरवर्षी घेतले जाणारे आणि हंगामानंतर फेडले जाणारे पीककर्ज आहे, असे एक वाक्य लिहा आणि सोसायटीकडून परतफेड नियमित असल्याचा दाखला सोबत ठेवा. बोजा लपवण्यासाठी तो रकाना वगळून भाषांतर करून देणारे लोक भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका.

भाषांतराचे नियम कडक आहेत. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदासोबत त्याचे पूर्ण भाषांतर, भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत लागते. तुम्ही स्वतः, तुमचे आई-वडील, भावंडे किंवा नात्यातील कोणीही हे भाषांतर करून चालत नाही, मग त्यांचे इंग्रजी कितीही उत्तम असो.

पतसंस्थेतील चार लाखांची ठेव मोडून आत्ताच वडिलांच्या बँक खात्यात आणा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात आणली तर तीही ‘अचानक जमा’ दिसेल. ठेवीची मूळ पावती, मोडल्याची नोंद आणि बँकेत जमा झाल्याची तारीख अशी साखळी राहू द्या. कर्जाच्या मंजुरीपत्रावर तुमचे नाव, अभ्यासक्रम, कॉलेज, मंजूर रक्कम आणि ती कोणत्या टप्प्यांत मिळणार हे स्पष्ट असले पाहिजे. काही मंजुरीपत्रे ‘तत्त्वतः मंजूर’ एवढेच म्हणतात आणि त्यांचे वजन फार कमी असते, म्हणून शाखेत जाऊन अंतिम मंजुरीचे पत्र मागा. कॉलेजला आधी काही फी भरली असेल तर तिची पावती जोडा, तेवढी रक्कम दाखवायच्या रकमेतून कमी होते. दुसऱ्या वर्षाच्या फीचे काय, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात येणारच. कर्जाचा उरलेला भाग आणि पुढच्या हंगामाचे उत्पन्न यांच्या आधारे त्याचेही उत्तर आधीच लिहून ठेवा.

मामांच्या मदतीला दोन गोष्टींचा पुरावा लागतो. त्यांच्याकडे पैसा आहे हे एक, आणि ते तुमचे मामा आहेत हे दुसरे. पहिल्यासाठी त्यांचे फॉर्म १६, विवरणपत्रे, खाते उतारे आणि ‘मी माझ्या भाचीला इतकी रक्कम शिक्षणासाठी देत आहे’ असे सहीचे पत्र पुरते. दुसऱ्यासाठी मात्र आपल्याकडे खरी पायपीट असते, कारण लग्नानंतर आईचे आडनाव बदललेले असते आणि अनेक घरांत पहिले नावही बदललेले असते. मग आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, तुमच्या जन्मदाखल्यावर दुसरे, आणि मामांच्या कागदांवर आजोबांचे नाव, असे तीन तुकडे जोडावे लागतात. आईचा शाळेचा दाखला, मामांचा शाळेचा दाखला, आई-वडिलांच्या विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र आणि तुमचा जन्मदाखला या क्रमाने ठेवले, तर नाते आपोआप उलगडते. आईच्या नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध झाला असेल तर उत्तम, नसेल तर प्रतिज्ञापत्र करा. तुमच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी छापलेले असेल आणि पासपोर्टवर नावाचा क्रम वेगळा असेल, तर त्याचाही एका प्रतिज्ञापत्रात उल्लेख करा. ऑफर लेटरवरील नाव मात्र पासपोर्टशी अक्षरशः जुळलेच पाहिजे, तिथे फरक असेल तर कॉलेजकडून पत्र दुरुस्त करून घ्या.

एजंटने पीएएलचा उल्लेखच केलेला नाही, याचे मला फार नवल वाटले. २२ जानेवारी २०२४ पासून बहुतेक अर्जदारांना प्रांताचे प्रोव्हिन्शियल अटेस्टेशन लेटर (पीएएल), म्हणजे प्रांताने आपल्या कोट्यात तुम्हाला जागा दिल्याचे पत्र, लागते. १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठांतील पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे, पण तुमचा कॉलेजचा अभ्यासक्रम त्या सवलतीत बसत नाही. हे पत्र कॉलेजमार्फत मिळते, त्यावर मुदत असते, आणि ते नसेल तर अर्ज तपासलाच न जाता परत येतो. आज संध्याकाळीच कॉलेजला स्वतःच्या ईमेलवरून विचारणा करा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटला. खोटे लिहू नका आणि त्याची गरजही नाही. परवाना देताना अधिकाऱ्याला एका गोष्टीची खात्री पटावी लागते, ती म्हणजे परवानगीची मुदत संपल्यावर तुम्ही देश सोडाल. पण पुढेमागे तिथे कायम राहण्याची इच्छा असणे हा गुन्हा नाही. कॅनडाच्या त्याच स्थलांतर कायद्याचे कलम २२ सांगते की अशी इच्छा असलेल्या व्यक्तीलाही तात्पुरता प्रवेश मिळू शकतो, जर ती मुदतीअखेर निघून जाईल याची खात्री असेल. तेव्हा ‘मला हे शिकायचे आहे, नियमांनुसार कामाचा परवाना मिळाला तर अनुभव घ्यायचा आहे, आणि न मिळाल्यास मी परत येईन, कारण हे ज्ञान वापरण्याची जागा माझ्या गावात आहे,’ असे सरळ लिहा. तुमचा अभ्यासक्रम शिक्षणोत्तर कामाच्या परवान्यासाठी पात्र विषयांच्या यादीत आहे का, हे मात्र अर्जाआधी तपासा, कारण १ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या पदविकांना विषयाची अट लागू झाली आहे.

अर्जासोबतच्या या पत्रात, ज्याला सगळे एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज) म्हणतात, कॅनडाच्या सौंदर्याचे आणि शांततेचे वर्णन नको. तुम्ही पॅकहाउसमध्ये दोन वर्षे घडांची छाटणी, प्रीकूलिंग, तापमानाच्या नोंदी आणि युरोपच्या ग्राहकाच्या तपासण्या पाहिल्या आहेत. एखादा कंटेनर केवळ औषधाच्या अंशामुळे अडला तर गावातल्या किती घरांचा हिशोब बिघडतो, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. बी.एस्सी.नंतर पदविका कशासाठी, हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर या अनुभवातूनच द्या. इथल्या शिक्षणात काय मिळाले, कामावर काय कमी पडले आणि नेमके कोणते विषय ती उणीव भरून काढतील, हे अभ्यासक्रमातील विषयांची नावे घेऊन लिहा. त्या दोन वर्षांचा पगार रोखीने मिळत असल्याचे तुम्ही लिहिले आहे. मालकाकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या, त्यात पगार रोख दिला जात होता हे नमूद करायला सांगा, आणि हजेरीपत्रकाची प्रत मिळाली तर ती जोडा. कुटुंबाच्या माहितीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायासमोर ‘शेतकरी’ असेच लिहा, ‘उद्योजक’ वगैरे काही नको. सगळे कागद एकच गोष्ट सांगत असताना एखादा शब्द उगाच वेगळा पडू नये.

बाकीच्या बाबी सोप्या आहेत. अर्जाचे शुल्क १५० डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५ डॉलर आहे. बोटांचे ठसे देण्याचे पत्र आल्यापासून ३० दिवसांत मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात जावे लागेल. वैद्यकीय तपासणी कॅनडा सरकारच्या यादीतील डॉक्टरांकडेच होते, ती आधीच करून पावती जोडली तर वेळ वाचतो. पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो प्रश्न टाळू नका. एका रकान्यात एकच फाइल चढवता येते आणि तिला ४ एमबीची मर्यादा असते, म्हणून आर्थिक कागदांच्या फाइलचे पहिले पान अनुक्रमणिकेचे ठेवा. कर्ज इतके, वडील इतके, मामा इतके, एकूण इतके, आणि प्रत्येकासमोर पान क्रमांक. माझ्या अनुभवात हे एक पान पन्नास पानांचे काम करते.

पैसे घेऊन अर्ज भरून देण्याचा अधिकार कॅनडातील परवानाधारक सल्लागार, वकील अशा अधिकृत व्यक्तींनाच आहे, आणि सल्लागाराचे नाव त्यांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत शोधता येते. तुमच्या एजंटचे नाव तिथे नसेल तर अर्ज स्वतः भरा. तुम्ही मला लिहिलेले पत्र पाहता ते तुम्हाला सहज जमेल. खाते तुमच्याच ईमेलवर उघडा आणि पासवर्ड कोणालाही देऊ नका.

पण त्याआधी उद्याच वडिलांना किंवा मामांना सोबत घेऊन त्या कार्यालयात जा आणि पासपोर्ट व सर्व मूळ गुणपत्रिका परत मागा. आतापर्यंत तुमच्या नावाने काही अर्ज भरला गेला आहे का आणि त्याला काय काय जोडले आहे, हे लेखी विचारा. टाळाटाळ झाली तर पासपोर्ट ताब्यात ठेवल्याची तक्रार पोलीस ठाण्यात द्या. अर्ज आधीच गेला असेल आणि त्यात ते बनवलेले आयटीआर असतील, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता परवानाधारक वकिलाशी बोलून तो अर्ज मागे घेण्याची विनंती करा, आणि मला पुन्हा लिहा.